लुडविग्सबुर्गला अ‍ॅनिमेशन शिकायचंय? आधी एवढं कर

अरे, माया शिकू की हुडिनी (दोन्ही थ्रीडी अ‍ॅनिमेशन-इफेक्ट्सची सॉफ्टवेअर) हा प्रश्न सध्या बाजूला ठेव, सॉफ्टवेअरवर हात बसतोच हळूहळू. जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गची फिल्मअकाडेमी, 1991 पासूनची, ती काही सॉफ्टवेअरचा क्लास नाहीये, फिल्म बनवायची शाळा आहे आणि इफेक्ट्सवाल्यालाही तिथे प्रोड्युसर, साउंडवाले सगळ्यांबरोबर टीममध्येच काम करावं लागतं. म्हणून जर्मन शिक. आजपासून. "तिकडे जाऊन शिकेन" म्हणणाऱ्यांची गाडी प्रवेशाआधीच अडते.

पोर्टफोलिओत नवखे हमखास काय करतात:
- ट्युटोरियलमधलाच स्फोट, तोच डोनट. बघणाऱ्याला पाठ झालेला असतो.
- लांबलचक रील, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणारा व्हिडिओ. चार चांगले शॉट पुरे, बाकीचे मनावर दगड ठेवून काढून टाक.
- ग्रुपचं काम स्वतःच्या नावावर खपवणं. फक्त रोटो (शॉटमधली माणसं-वस्तू फ्रेम दर फ्रेम कापून वेगळी करणं) केलं असेल तर तसं लिही ना, लाज कसली!

स्केचबुक मात्र रोज. लोकलमध्ये पेंगणारा माणूस काढ, धक्का बसला की मान आधी जाते का खांदा, वजन कुठल्या पायावर आहे, डोळे उघडण्याआधी हात दांडीकडे जातो का, हे दिसायला लागलं की अर्धं अ‍ॅनिमेशन आलं.

पैशाचं घरी आत्ताच बोल. जर्मन स्टुडंट व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी पैसे भरायचे आणि तिकडे गेल्यावर दरमहा ठरावीकच काढायचे असं खातं) साधारण वर्षाचे 11,904 युरो लागतात, हा सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा, अर्ज करताना पुन्हा तपास. रेंडर फार्म, पाइपलाइन वगैरे तांत्रिक गोष्टी नंतर बघू, आधी चार शॉट दाखव.