दोन शिक्षकी शाळेत पालक फिरकत नाहीत. त्यांना शाळेच्या कामात कसे आणावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट ४२ आहे, शिक्षक दोनच आहेत, शाळा व्यवस्थापन समितीवर आपली नुकतीच निवड झाली आहे, आणि बैठकीला पालक येत नाहीत. आले तरी नोंदवहीत सही करून निघून जातात. मी करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात राहते. माझी दोन्ही मुले गावातल्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली आणि २०१८ पासून चार वर्षे मी तिथल्या समितीवर होते, त्यातली शेवटची दोन वर्षे अध्यक्ष म्हणून. आपण ज्या अडचणीत आहात तीतून मी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती आधी सांगते, कारण नव्या समित्या बहुधा तिथूनच सुरुवात करतात. मी वर्गणी मागितली. शाळेला रंग द्यायचा होता, रक्कमही फार नव्हती. पण ज्या घरांना ती देणे जमले नाही त्या घरांतील माणसे मुलाला फाटकाबाहेर सोडून परत जाऊ लागली. एक आई तर माझ्यासमोरून मान खाली घालून गेली, आणि ती वर्षभर शाळेत आली नाही. जो पालक पैसे देऊ शकत नाही त्याला शाळेत उभे राहण्याचा अधिकारच उरला नाही, असा त्या वर्गणीचा अर्थ झाला होता. त्यानंतर आम्ही पालकांकडून एक रुपयाही मागितला नाही.

डोळे उघडले ते २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने. पंचगंगेचे पाणी शाळेत शिरले, आणि ते ओसरल्यावर दोन्ही वर्गांत घोट्याएवढा गाळ होता. कोणी निरोप दिला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खोरी आणि पाट्या घेऊन तीसेक माणसे आली. त्यांत तालमीतली तरुण पोरे होती, बचत गटाच्या बायका होत्या, आणि बैठकीला कधीही न दिसलेले बाप होते. भिजलेली पुस्तके सुतळीवर वाळत घालणारी ती मान खाली घालून जाणारी आईही होती. स्वतःच्या घरातला गाळ उपसायचा बाकी असताना ही माणसे शाळेत आली होती, म्हणजे आस्था नव्हती असे नव्हते. बैठकीत आपण जाऊन काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि गाळ उपसायचा असतो हे मात्र नेमके ठाऊक होते. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे: पालकाकडे हजेरी मागू नका, नेमके, लहान, वेळेत संपणारे आणि त्याला स्वतःला येणारे काम मागा.

त्यासाठी घरोघर जावे लागते. मी आणि आणखी दोन सदस्य पंधरा दिवस संध्याकाळी फिरलो आणि प्रत्येक घरी दोनच गोष्टी विचारल्या: आपल्याला काय येते आणि आठवड्यातला कोणता तास मोकळा असतो. वहीत जे जमा झाले ते पाहून मुख्याध्यापकही थक्क झाले. गावात दोन गवंडी होते, एक वायरमन होता, शिलाई मशीन असलेल्या पाच बायका होत्या, ओव्या पाठ असलेल्या तीन आज्या होत्या आणि एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक होते. ते आजोबा पुढे दर बुधवारी जुनी तिकिटे घेऊन यायचे आणि तिसरी-चौथीच्या मुलांकडून सुट्ट्या पैशांचे हिशेब करून घ्यायचे. दोन पूर्ण, एक अर्धे, पन्नासची नोट दिली तर परत किती. हे गणित मुले फळ्यावर जेवढ्या कंटाळ्याने करीत तेवढ्याच उत्साहाने आजोबांच्या ‘एसटीत’ बसून करीत.

वेळेचा प्रश्न आपल्या भागात वेगळा आहे आणि तो समजून न घेता काढलेली सूचना वाया जाते. ज्या घरात म्हशी आहेत त्या घरातील बाई सकाळी आणि संध्याकाळी धारेच्या वेळी मोकळी नसते, आणि दिवसा वैरणीला जाते. आमच्या बैठका सकाळी अकराला होत. ती वेळ केवळ शिक्षकांच्या सोयीची होती. आम्ही त्या दुपारी तीनला आणि वर्षातून दोनदा रात्री आठला घेऊ लागलो. सूचना लावण्याची जागाही बदलली. शाळेच्या फलकाकडे कोणी पाहत नाही, मोबाइलवरच्या गटात ती शुभेच्छांच्या गर्दीत बुडते. पण दूध संस्थेत दूध घालायला प्रत्येक घरातून कोणीतरी दिवसातून दोनदा येतेच. संस्थेच्या सचिवांनी काट्याशेजारी एक हात जागा दिली, आणि तिथे ‘शुक्रवारी दुपारी तीन ते चार, वाचन ऐकायला दोन माणसे हवी आहेत’ एवढेच लिहिलेले असायचे.

वाचन ऐकणे हे काम मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण दोन शिक्षकी शाळेत त्याच्याइतके उपयोगी दुसरे काम नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे चार इयत्ता दोन शिक्षकांत वाटल्या जातात आणि प्रत्येक शिक्षक एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळतो. वर्गात २१ मुले असतील आणि प्रत्येकाचे वाचन रोज पाच मिनिटे ऐकायचे म्हटले तर १०५ मिनिटे तेवढ्यातच जातील. कोणताही प्रामाणिक शिक्षक ते करू शकत नाही. शेजारी बसून मूल वाचते आहे ते ऐकायला मात्र पदवी लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका आईला स्वतःला जेमतेम अक्षरओळख होती. तिच्या शेजारी बसून मूल बोट ठेवून वाचायचे आणि ती ‘पुढं काय झालं?’ असे विचारायची. तिच्यापुढे मुले चुकायला घाबरत नसत.

याच्या मर्यादाही सुरुवातीलाच ठरवून घ्याव्यात. मदतीला आलेल्या पालकाने नवा पाठ शिकवू नये, पेपर तपासू नयेत, कोणत्याही मुलावर हात उगारू नये, आणि कोणाचे मूल मागे आहे हे गावात बोलू नये. यातला शेवटचा नियम मोडला गेला तर पालकांचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला वर्ष पुरत नाही. आमच्याकडे एकदा मोडला गेला, तेव्हा संबंधित पालकाला आम्ही शांतपणे वाचनाच्या कामातून परसबागेच्या कामात नेले. कोणीही मोठे माणूस मुलांसोबत बंद खोलीत एकटे नसावे, दार उघडे असावे आणि शिक्षक हाकेच्या अंतरावर असावा, हा नियम ओळखीच्या माणसांनाही लागू करा. गाव लहान आहे, सगळे ओळखीचे आहेत, म्हणून त्यात सवलत देऊ नये.

आता समितीच्या अधिकाराविषयी, कारण नव्या सदस्यांना तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे आहेत. अनुदानित खासगी शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्लागार आहे, पण आपली शाळा जिल्हा परिषदेची असल्याने आपले अधिकार पूर्ण आहेत. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदानाची तरतूद आहे. ही रक्कम आली का आणि कशावर खर्च झाली, हे सभेत वाचून दाखवण्याची प्रथा पाडा. आम्ही खर्चाचा कागद दूध संस्थेतल्या त्याच जागेवर लावला, आणि त्या दिवसापासून ‘शाळेत पैसे येतात, जातात कुठे’ ही कुजबुज थांबली. मुख्याध्यापकांना सुरुवातीला हे अविश्वासाचे वाटले होते. पुढे त्यांनीच तो कागद आठवणीने लावायला सुरुवात केली, कारण संशयाचा सर्वाधिक त्रास त्यांनाच होत होता.

पोषण आहाराच्या बाबतीत पालकांचे काम फार सोपे आणि फार मोलाचे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे. म्हणजे ४० मुले हजर असतील तर चार किलो तांदूळ शिजला पाहिजे. वाटपापूर्वी शिक्षकाने आणि शक्यतो एका पालकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचे असते. आम्ही आठवड्याच्या सहा दिवसांना सहा आया नेमल्या होत्या. त्यांच्यासमोर तांदूळ वजन करून भांड्यात पडायचा आणि त्या चव घ्यायच्या. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हे पहारा ठेवल्यासारखे वाटू नये म्हणून त्या आयांनी पहिल्या दिवसापासून भाजी चिरायलाही हात लावावा, असे मी सुचवले होते. पुढे मावशींनीच एका आईकडून शेवग्याच्या पाल्याची भाजी शिकून घेतली.

गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांना विसरू नका. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, गावाच्या शिवारात असतात, मुले मात्र पटावर नसतात. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवावे लागते, हे दोन्ही शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आमच्या दोन सदस्यांनी पहाटे उसाच्या फडावर जाऊन टोळीच्या मुकादमाशी बोलणे केले आणि एका वर्षी सात मुले चार महिने शाळेत बसली. त्यांच्या आईबापांकडून कोणत्याही कामाची अपेक्षा ठेवली नाही; ते ज्या वेळी निघत आणि ज्या वेळी परतत, त्यात कोणाला एक तासही मोकळा नव्हता. त्यांच्या मुलांना फडावरून आणणे-पोहोचवणे हे काम गावातल्या पालकांनी वाटून घेतले.

‘शाळा सरकारची आहे, आपण का राबायचे?’ हा प्रश्न आपल्यालाही कोणीतरी ज्येष्ठ विचारतीलच. मला ग्रामसभेत विचारला गेला, तेव्हा मी आपल्याच संस्थानाचा दाखला दिला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. म्हणजे शाळेची जबाबदारी दरबारने घेतली आणि पालकाचीही एक जबाबदारी ठरवून दिली. कोल्हापुरातली बोर्डिंगे उभी राहिली ती महाराजांनी दिलेल्या जागा आणि मदत व निरनिराळ्या समाजांतील माणसांचे कष्ट यांच्या बळावर. त्यांतील काही आजही दसरा चौकाच्या परिसरात पाहता येतात. सरकारने द्यायचे ते देणे आणि लोकांनी करायचे ते करणे, या दोन गोष्टी तेव्हाही एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या.

त्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. आमच्या शाळेतील एका शिक्षकाची बदली झाली आणि जागा पाच महिने रिकामी राहिली, तेव्हा गावातील पदवीधर मुलीला मानधनावर ठेवून वेळ निभावावी अशी सूचना आली. आम्ही तिला वाचनाच्या तासाला अवश्य बोलावले, पण वर्ग तिच्यावर सोपवला नाही. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना दर महिन्याला समितीच्या ठरावासह पत्र दिले आणि प्रत्येक पत्राची पोच घेतली. गावाने रिकामी जागा गुपचूप भरून काढली असती तर ती कागदावर रिकामी आहे हेच कोणाच्या लक्षात राहिले नसते. छताची गळती, शौचालयाचे पाणी, शिक्षकाची नेमणूक ही कामे पालकांच्या श्रमदानात धरू नका. ती आराखड्यात लिहा आणि मागत राहा.

आपण लगेच काय करावे, तर आज उद्यात एक वही घेऊन पहिल्या दहा घरी जा. सोबत एखादी आई असू द्या, कारण सून मोकळेपणाने बोलते ती दुसऱ्या बाईशी. पहिल्या महिन्यात एकच काम निवडा. मी वाचनाचे सुचवेन. चार माणसे मिळाली तरी सुरू करा, आणि ती आली की शिक्षकांनी त्यांना बसायला खुर्ची द्यावी, मुलांनी त्यांना ‘आई’, ‘काका’, ‘आजोबा’ म्हणून नमस्कार करावा, एवढे मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवा. पुराच्या वेळी पुस्तके वाळत घालणारी ती आई पुढे दर मंगळवारी चव घ्यायला आणि तांदूळ मोजायला येत राहिली, आणि माझी मुदत संपल्यावर अध्यक्षपदासाठी पालकसभेत तिचे नाव दुसऱ्या पालकांनी सुचवले.