काचेवर थेट सोनं चढवून पेशी पकडता येतील का?

तुमचा प्रश्न असा: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी स्लाइडवर सोन्याचे इलेक्ट्रोड करून विद्युत क्षेत्राने जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या करायच्या आहेत. सोनं थेट काचेवर टिकेल का, व्होल्टेजने पेशी मरतील का, आणि हे सगळं इंदुरात जमेल का?

थोडक्यात: टिकणार नाही, बहुतेक मरणार नाहीत, आणि जमेल. मी व्हॅक्यूम चेंबरच्या आसपास बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे कोटिंगबद्दल जरा लांबण लावेन. पण असे प्रोजेक्ट सोन्यापेक्षा पाण्यापायी जास्त अडतात, म्हणून आधी पाणी, म्हणजे पेशी ज्यात तरंगतात तो द्रव.

एकसमान क्षेत्रात भार नसलेला कण जागचा हलत नाही. त्याच्या दोन टोकांना विरुद्ध भार जमतात आणि दोन्हीकडची ओढ सारखीच पडते. क्षेत्र एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ असलं की मात्र एक ओढ वरचढ ठरते. हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली याला डायइलेक्ट्रोफोरेसिस नाव दिलं, आणि १९६६ मध्ये हॉक यांच्याबरोबर याच पद्धतीने जिवंत आणि मृत यीस्ट वेगळं करून दाखवलं. दिशा बदलली तरी बल तेच राहतं, म्हणून एसी चालतो. कण कुठे जाणार ते त्याच्यात आणि भोवतालच्या द्रवात कोण जास्त ध्रुवित होतं, म्हणजे कुणाच्या टोकांना जास्त भार जमतात, यावर ठरतं. पेशी जास्त झाली तर ती इलेक्ट्रोडच्या कडेला चिकटते, द्रव जास्त झाला तर पेशी दूर ढकलली जाते.

आता गंमत बघा. जिवंत पेशीचं पटल जेमतेम काही नॅनोमीटर जाड, पण उत्तम रोधक. आतला रस मात्र खारट आणि वाहक. कमी वारंवारतेला क्षेत्र पटलाशीच अडतं, साधारण मेगाहर्ट्झच्या आसपास आत शिरतं आणि पेशी एखाद्या वाहक गोळ्यासारखी वागू लागते. मेलेल्या पेशीचं पटल गळकं असतं, क्षार बाहेर निघून गेलेले असतात, म्हणून ती तशी धावत नाही. हा फरक दिसायला बाहेरचं पाणी पेशीच्या रसापेक्षा बरंच कमी वाहक हवं. साध्या सलाइनची वाहकता सुमारे १.५ सीमेन्स प्रति मीटर असते. त्यात सगळ्याच पेशी दूर पळतात, शिवाय द्रव तापतो आणि जनरेटरचं व्होल्टेज खाली बसतं. रक्तपेशी घेणार असाल तर साखरेचं पाणी करा. ८.५ टक्के सुक्रोज आणि ०.३ टक्के डेक्स्ट्रोज हे प्रमाण बरेच जण वापरतात. पण पहिल्या प्रोजेक्टला यीस्टच घ्या, त्याला भक्कम भिंत असते. डीआयोनाइज्ड पाण्यात दोन-तीनदा धुवून सेंट्रिफ्यूज करा आणि प्रत्येक वेळी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून बघा. नळाचं नर्मदेचं पाणी प्यायला, प्रयोगाला अजिबात नाही. मेलेल्या पेशी हव्यात तर थोडं यीस्ट उकळा. मिथिलीन ब्लू टाकलं की त्या निळ्या दिसतात.

मरण्याचं म्हणाल तर हिशेब करून टाकू. दोन इलेक्ट्रोडमधल्या ५० मायक्रोमीटरच्या फटीत १० व्होल्ट पीक-टू-पीक (वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, म्हणजे माथा ५ व्होल्ट) दिलेत तर सरासरी क्षेत्राचा माथा मीटरला १ लाख व्होल्ट. ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीच्या पटलावर कमी वारंवारतेला त्यातून सुमारे ०.७५ व्होल्ट येतात, आणि १ व्होल्टच्या अलीकडेच पटलाला भोकं पडू लागतात. १ मेगाहर्ट्झला पटल भारित व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे हा आकडा कित्येक पटींनी उतरतो. काही किलोहर्ट्झच्या खाली जाऊच नका. पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात आणि इलेक्ट्रोड सुटतात. जोर कमी वाटला तर व्होल्टेज वाढवण्याआधी फट कमी करा. व्होल्टेज दुप्पट केल्यावर बल चौपट होतं, फट निम्मी केल्यावर मात्र आठपट.

आता सोनं. सोन्याला ऑक्सिजनशी घेणंदेणं नाही, त्यामुळे काचेशी त्याचा बंध जुळत नाही. सेलोटेप लावून ओढा, सगळा थर टेपवर येईल. म्हणून आधी ५ ते १० नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम आणि त्यावर १०० नॅनोमीटर सोनं, दोन्ही एकाच व्हॅक्यूममध्ये. मध्ये चेंबर उघडलात तर क्रोमियमवर ऑक्साइड चढतो आणि मग सोनं धरत नाही.

लिफ्ट-ऑफ करणार असाल, म्हणजे फोटोरेझिस्टवर (प्रकाशाने नक्षी उमटवता येणाऱ्या लेपावर) थर चढवून नंतर ॲसिटोनमध्ये नको तो भाग काढणार असाल, तर इव्हॅपोरेशन मागा, म्हणजे धातू तापवून त्याची वाफ बसवणं. त्यात अणू सरळ रेषेत येतात. स्पटरिंगमध्ये, म्हणजे आर्गॉनच्या माऱ्याने धातूचे अणू उडवतात त्या पद्धतीत, ते आर्गॉनला आपटत सगळीकडून येतात, रेझिस्टच्या भिंतींवरही बसतात, आणि कडांना कान उभे राहतात. आपल्याला बल मिळतं ते कडांवरच, तेव्हा त्या स्वच्छ हव्यात. चिपवाल्यांचं एएलडी हे तर अणूंचे थर एकेक करून चढवणारं तंत्र. इंटेलने २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरमध्ये हाफ्नियमचा ऑक्साइड आणला तो त्याच्या जोरावर. तुम्हाला त्याची गरज नाही.

सोनं सराफ्यातून आणू का, असं पोरं विचारतातच. रात्री भुट्ट्याचा कीस खायला जाता तोच सराफा, दिवसा जा. २४ कॅरेटचा तुकडा किंवा तार घ्या, दागिन्याची मोड नको. २२ कॅरेटमधली चांदी आणि तांबं सोन्याआधी उडतात, थर भलताच होतो. आणि दागिन्याच्या जोडात जस्त किंवा कॅडमियम असलं तर अख्खा चेंबर नासतो. ते पुढे महिनोन्महिने भिंतींवरून निघत राहतं. तंत्रज्ञ तुम्हाला दारात उभं करणार नाही. किती लागेल? सोनं तापवायची धातूची वाटी (तिला ‘बोट’ म्हणतात) आणि स्लाइड यांच्यात २० सेंटिमीटर अंतर असेल तर १०० नॅनोमीटरसाठी साधारण पाव ग्रॅम. स्लाइडवर त्यातलं फक्त ३-४ मिलिग्रॅम बसतं, बाकी भिंतींवर. अंतर निम्मं केलं तर सोनं चौथाईवर येतं, पण जाडीचा सारखेपणा बिघडतो.

कुठे करायचं? खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे, ते विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभारलेलं आहे. सिमरोलला आयआयटी आहे. गाइडच्या सहीचं पत्र न्या, त्यात थराची जाडी, स्लाइडचा आकार आणि नमुन्यांची संख्या स्पष्ट लिहा. कॅटमध्येही (अणुऊर्जा विभागाची संस्था, आताचं नाव आरआरकॅट) थिन फिल्मचं, म्हणजे असे पातळ थर चढवण्याचं, काम मोठं आहे, पण आत शिरायचे सोपस्कार लांबतात. इथे जमलं नाही तर आयआयटी मुंबईची नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची सोय बाहेरच्यांनाही अर्ज करून मिळते.

पत्र देऊन नंबर लागेपर्यंत थांबून राहू नका. स्लाइडवर दोन बारीक तारा १०० मायक्रोमीटर अंतरावर चिकटवा, मध्ये यीस्टचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि फंक्शन जनरेटरवरून १ मेगाहर्ट्झला २० व्होल्ट पीक-टू-पीक द्या. पोल यांचे सुरुवातीचे इलेक्ट्रोडही तारा आणि सुया असलेच होते. पेशी तारेकडे सरकून मोत्यांच्या माळेसारख्या एकमेकींना चिकटू लागल्या तर तुमचं पाणी बरोबर आहे. नाही सरकल्या, तर यीस्ट आणखी एकदा धुवा आणि मीटर बघा.