भाऊबीजेला सहा ताटं, सहा तऱ्हेची

प्रश्न: मावशी, माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली. आम्ही नाशिकला सासू-सासऱ्यांसोबत राहतो, दोन मुलं आहेत. घरात भांडी चिक्कार, पण एकाला एक जुळत नाही. ताटं लहान-मोठी, त्यात एक खणांचं आणि मेलामाइनच्या दोन ओरखडलेल्या प्लेटा. शोकेसमध्ये सोनेरी काठाचा डिनर सेट आहे, पण फुटेल म्हणून सासूबाई त्याला हात लावू देत नाहीत. भाऊबीजेला भाऊ-वहिनी जेवायला होते. मांडलेल्या ताटांकडे बघून वहिनी म्हणाली, "प्रदर्शनच आहे की तुमच्याकडे!" मला रात्री रडू आलं. मी ऑनलाइन एक पांढरा काचेचा सेट बघून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, "एवढी भांडी असताना आणखी कशाला?" नवरा म्हणतो, अन्न शेवटी पोटातच जातं. मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर: नाही गं, बाऊ कसला! "अन्न पोटातच जातं" हे ज्याच्या पुढ्यात वाढलेलं ताट येतं त्यालाच सुचतं. नवरोबांना आठवडाभर भांडी लावायला दे. घासायची नाहीत, नुसती पुसून मांडणीत ठेवायची. पसरट वाटीत उभट वाटी, तिच्यावर काठवाली, आणि पहाटे चहासाठी एक गाळणं ओढलं की सगळा मनोरा फरशीवर आणि अख्खं घर जागं. शिवाय मुलं. कोणाच्या वाटीत श्रीखंड जास्त, हा तंटा तुझ्याकडे होत नसेल तर मला आश्चर्यच वाटेल. एका मापाच्या वाट्या घेतल्यास की त्यातला अर्धा तरी मिटतो.

पण हे विजोड भांडार कुणी हौसेनं जमवलेलं नाही, हेही बघ. लग्नामुंजीत आलेला स्टीलचा आहेर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेलं वाण, बोहारणीनं जुन्या साड्यांवर दिलेलं पातेलं, आणि शेजारी खीर पाठवली तेव्हा आपल्या वाटीच्या बदली आलेली त्यांची वाटी. (बुडाला नेलपॉलिशचा ठिपका द्यायची युक्ती बायकांनी त्यापायीच काढली.) घरात असं चारी दिशांनी भांडं येत राहिलं तर ते एकसारखं कसं निघणार?

आता तुझा ऑनलाइन सेट. माझं ऐकशील तर तो मागवू नकोस. दिसायला छानच असणार, पण वर्षभरात त्यातल्या दोन प्लेटा आणि एखादा बाऊल जाणार, आणि बदली आणायला जावं तर ती नक्षी बंद झालेली असते. मग उरलेल्या चार प्लेटा तुझ्या प्रदर्शनात सामील. रोजच्या जेवणाला स्टीलच घे, तेही बिननक्षीचं, साध्या गोल काठाचं. असा घाट चटकन बंद होत नाही. पाच वर्षांनी दोन वाट्या वाढवायच्या झाल्या तरी जोड मिळण्याची आशा असते. आठ ताटं, सोळा वाट्या, आठ पेले. बस्स.

घेताना लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नकोस. चांगल्या ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. मीठ आणि आंबट त्याला कमी सोसतं, डाग लवकर पडतात. तेव्हा बुडाला ठसा आहे का ते बघ आणि पक्कं बिल माग.

सासूबाईंचं काय? "एवढी भांडी असताना" म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे आकडा नसतो, माणसं असतात. एखाद्या दुपारी सगळी भांडी खाली काढ आणि त्यांच्याबरोबर बस. फुलपात्राच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरात कोरलेलं असेल, अमक्यांस तमक्यांकडून सप्रेम भेट, खाली १९८२ किंवा ८३ साल. ते तमके कोण, हे त्यांनाच विचार. तास-दोन तास जातील, जाऊ देत. नाव घातलेलं त्यांच्या परवानगीशिवाय मोडीत द्यायचं नाही, हे तू आधीच सांगून टाक. मग बिननावाचं, पोचा आलेलं, काठ फाटलेलं त्या स्वतःच बाजूला सारतील. पितळेचं काही निघालं तर घाईनं देऊ नकोस. कल्हई करून घे, नाहीतर ताक-आमटी कळकेल. मेलामाइनच्या त्या दोन प्लेटा मात्र कुणालाही न विचारता काढून टाक. एवढ्या ओरखडलेल्या प्लेटा जेवायला नकोतच, आणि मेलामाइन मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात ठेवायचं नसतं.

शोकेसच्या सेटवर मी तुझ्या बाजूनं आहे. काचेआड ठेवून त्याचं कुणाचं भलं होतंय? तरी एकदम रोजच्याला काढू नकोस. सासऱ्यांच्या वाढदिवसाला काढ, सासूबाईंच्या हातानंच काढ, आणि नंतर तो तू स्वतः धू. कामवालीकडे दिलास आणि कपचा उडाला तर पुढची दहा वर्षं कुलूप पक्कं. तो सोनेरी काठ धातूचा असतो, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, तेवढं मुलांना बजावून ठेव.

वहिनीचं बोलणं लागलं, समजतं मला. पण भाऊबीजेचं जेवण रांधलंस तू, वाढलंस तू आणि टोमणाही तूच गिळलास. पुढच्या वेळी हसून म्हण, "हो, प्रदर्शन आहे, तिकीट म्हणून जेवणानंतरची भांडी घास." भावासमोर म्हण.

खरेदीला नवऱ्याला नेऊ नकोस, सासूबाईंना ने. तुमच्या नाशकात अख्खा भांडी बाजार पडलाय, ऑनलाइन कशाला शोधतेस? मोडीत द्यायचं आधी घरी वजन करून घे. बरोबर घरचं एक ताट आणि एक वाटी पिशवीत टाक, म्हणजे नव्या चार वाट्या त्या ताटात बसतात की नाही ते तिथंच कळेल. भाव त्यांनाच करू दे. तू नुसता ठसा बघ.