इटलीत घेतलेली 2019 ची व्हेस्पा स्कूटर कायमची भारतात आणता येईल का? खर्च किती?

नाही, ही स्कूटर आणता येणार नाही. परकीय व्यापार धोरणानुसार वापरलेलं वाहन उत्पादनाच्या तारखेपासून 3 वर्षांपेक्षा जुनं चालत नाही. कायमचे परतत असलात तरी उपयोग नाही, कारण वाहन 'बॅगेज'मध्ये (प्रवाशाच्या सामानात) धरलं जात नाही. वयात बसणारी दुसरी गाडी घेतलीत, तरी हिशोब आधी मांडा. सीमाशुल्क आणि उपकर मिळून सुमारे 110 टक्के, त्या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी (350 सीसीपर्यंत). आणि हे नुसत्या गाडीच्या किमतीवर नाही, जहाजभाडं आणि विमाही त्यात धरतात. म्हणजे मुंबईत पोचेपर्यंत दीड लाखाला पडलेल्या स्कूटरवर साधारण 2 लाख 20 हजार निव्वळ कर! शिवाय वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच येते. निघण्यापूर्वी तिकडे तपासणी, आल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन-चाचणी संस्थेत चाचणी, मगच आरटीओ. हेडलाइट नक्की बघा: युरोपातल्या दिव्याचा झोत उजवीकडे झुकलेला असतो, आपल्याला डावीकडून चालण्यासाठीचा लागतो. कागद अडले की गोदामाचं भाडं रोज चढतं, त्यात माणूस खरा पोळतो. फक्त फिरण्यापुरती आणायची असेल तर 'कार्नेट'वर (गाडी परत नेण्याची हमी देणाऱ्या कागदावर) तात्पुरती आणता येते, पण मुदतीत परत न्यावीच लागते. माझं स्पष्ट मत: ती तिकडेच विका. व्हेस्पा बारामतीतही बनते, इकडे आल्यावर तीच घ्या.