१७८२ मध्ये लंडनने आयर्लंडच्या संसदेला कायदे करण्याची मोकळीक कशी काय दिली?

खुशीने नाही दिली. डब्लिनमध्ये संसद होती, पण १४९४ च्या पॉयनिंग्ज कायद्यामुळे तिच्या विधेयकांना लंडनची संमती लागे. वर १७२० च्या कायद्याने ब्रिटिश संसद आयर्लंडसाठी थेट कायदे करू शके.

अमेरिकेतल्या युद्धासाठी सैन्य तिकडे गेलं आणि पंचाईत झाली. फ्रेंच हल्ल्याच्या भीतीने लोकांनी स्वतःच स्वयंसेवक पलटणी उभारल्या. गणवेश, बंदुका, कवायती, सगळं सरकारच्या ताब्याबाहेर! ४ नोव्हेंबर १७७९ ला डब्लिनच्या कॉलेज ग्रीनवर राजा तिसऱ्या विल्यमच्या पुतळ्याभोवती त्यांनी संचलन केलं. निमित्त राजाच्या वाढदिवसाचं, पण तोफेवर पाटी लटकत होती: 'मुक्त व्यापार, नाहीतर ही'. ही म्हणजे तोफच. महिनाभरात लंडन आयर्लंडच्या व्यापारावर घातलेल्या अटी सैल करायला लागलं. मग लोकांची भीड चेपली.

फेब्रुवारी १७८२ मध्ये डंगॅनन इथल्या चर्चमध्ये अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातल्या १४३ पलटणींचे प्रतिनिधी जमले. आयर्लंडसाठी कायदे फक्त राजा आणि आयरिश संसदच करू शकते, असा ठराव झाला. डब्लिनच्या संसदेत हेन्री ग्रॅटन हा सदस्य तेच मांडत होता. मार्चमध्ये ब्रिटिश पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचं सरकार पडलं, नवं सरकार नमलं, १७२० चा कायदा रद्द झाला.

पण ही संसद प्रॉटेस्टंट जमीनदारांचीच राहिली. देशात बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना मताचा अधिकारसुद्धा १७९३ पर्यंत नव्हता. १८०१ मध्ये तर संसदच गुंडाळली गेली.