फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या 'सिंफनी फांतास्तिक'ची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, ऐकण्याआधी त्याने सिंफनीसाठी लिहिलेली गोष्ट वाचावी का? आणि त्या मूव्हमेंटमध्ये सोनाटा फॉर्म (थीम मांडायच्या, त्यांचा विस्तार करायचा आणि त्या परत आणायच्या, असा साचा) नक्की कुठे आहे?

गोष्ट नंतर वाचा. आधी कान लावा.

इतकं ठासून सांगायला कारण आहे. पुण्यात पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांचं आमचं एक छोटं मंडळ होतं. त्यातले एक ज्येष्ठ काका ही सिंफनी लावण्याआधी अख्खी कथा वाचून दाखवायचे: तरुण कलावंत, एकतर्फी प्रेम, अफू आणि गुंगीत पडलेली पाच स्वप्नं. पहिला सूर उमटायच्या आतच सगळ्यांच्या डोक्यात अफू भरलेली. मग पहिल्या मूव्हमेंटमध्ये जरा काही अनपेक्षित आलं की काका बोट वर करायचे, "बघा, गुंगी!" मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

त्या मूव्हमेंटमधला माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. ५ डिसेंबर १८३० ला पॅरिसमध्ये कंडक्टर हाबनेकने ही सिंफनी प्रथम सादर केली, तेव्हाच्या कथेत अफू येते ती थेट चौथ्या भागात, वधस्तंभाकडे जाताना. मी काकांपुढे स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी, उघडून ठेवला होता. सुरुवातीच्या संथ लार्गोतली व्हायोलिनची चाल बर्लिओझने पोरवयात एका गाण्यासाठी रचलेली. पुढे वेगवान अलेग्रोत फ्लूट आणि पहिली व्हायोलिनं मिळून प्रेयसीची चाल, म्हणजे इदे फिक्स, वाजवतात. ती आली १८२८ च्या 'एर्मिनी' या कांताटातून (आवाज आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेतून), ज्याला प्री द रोम या फ्रेंच स्पर्धेचं दुसरं पारितोषिक मिळालं होतं. जुनं साहित्य असं निवडून, पारखून नव्या जागी बसवणं हे गुंगीतल्या माणसाचं काम नव्हे.

आणि ती चाल केवढी! तब्बल ४० बार, म्हणजे तालाची ४० आवर्तनं. सुरुवातीला खाली काहीच आधार नाही, ती एकटीच निघते. मग खालची तंतुवाद्यं मध्येच धडधडतात, थांबतात, पुन्हा धडधडतात. वर चाल एकेक सूर चढत जाते, दर वेळी टोकाला जाऊन अर्ध्या सुराने खाली कलते आणि परत नेट धरते. प्रेमात पडलेल्याची छाती कशी उडते ते इथे ऐकू येतं. त्यासाठी कागद वाचायची गरज नाही.

काकांनी स्कोअर पाहिला आणि म्हणाले, "पण पुस्तकात पाच स्वप्नं लिहिलीत ना." विषय तिथेच संपला.

आता सोनाटा फॉर्म. आहे, पण स्वतंत्र दुसरी थीम शोधत बसू नका. जी मेजर या पट्टीत जे येतं, ते इदे फिक्सच्याच सुरुवातीच्या तुकड्यातून निघालेलं आहे. पुढे संगीत अर्ध्या-अर्ध्या सुरांनी चढतं-उतरतं, एकदम शांतता पसरते, आणि चाल परत येते तीही जी मेजरमध्ये. घरची पट्टी सी मेजर. तिथे ती चाल पूर्ण ताकदीने पोचते बऱ्याच उशिरा. संगीतकार शुमानने १८३५ मध्ये, पियानोवादक लिस्टचं पियानो-रूपांतर हाताशी घेऊन, या मूव्हमेंटची रचना कमानीसारखी मांडून दाखवली. ती मांडणी वाचाच.

एक सांगायला हवं: १८५५ च्या सुधारित कथेत बर्लिओझने स्वतःच अफू सुरुवातीला नेली. काकांचं पुस्तक त्यावरून लिहिलेलं असणार. पण तोवर ही सिंफनी वाजायला लागून २५ वर्षं होत आली होती. शिवाय त्याच मजकुरात त्याने म्हटलंय, की सिंफनी एकटीच वाजवायची असेल तर कथा वाटली नाही तरी चालेल, भागांची नावं पुरेत. काकांना हे वाक्य कधी दिसलं नाही.

रेकॉर्डिंग निवडताना मात्र एक्स्पोझिशनची, म्हणजे थीम मांडणाऱ्या पहिल्या टप्प्याची, पुनरावृत्ती घेतलेलंच निवडा. इतकी लांब चाल दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय पुढे तिचं काय केलंय ते कानाला सापडत नाही. काका नेमकं पुनरावृत्ती गाळलेलं लावायचे.