मागाच्या खडखडाटाचं शिक्षण

पत्र : आम्ही इचलकरंजीचे. माझे सोळा माग आहेत, खर्चीवर चालवतो, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीनं कापड विणून देतो. मुलीनं उपयोजित कलेत बी.एफ.ए. केलं. पुण्यात जाहिरात कंपनीत नोकरी मिळत होती, ती घेतली नाही. म्हणते, ‘वर्षभर आपल्या मागांच्या आवाजावर काम करणार, कामगारांना बरोबर घेऊन. संशोधन मीच आखणार.’ कॉलेज कुठलं विचारलं तर म्हणते, कॉलेज नाही. लोक विचारतात मुलगी काय करते, तर सांगायला शब्द नाही. मागाच्या खडखडाटात कसली आलीय कला? मला तर हल्ली डाव्या कानानं तो नीट ऐकूही येत नाही. हे शिक्षण आहे की रिकामपण? – एक वडील

उत्तर : लोकांना सांगा, मुलगी यंत्रमागावर संशोधन करते. हे खोटं नाही आणि इचलकरंजीत यावर पुढचा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आता तुमचा प्रश्न. हे शिक्षण होऊ शकतं आणि रिकामपणही होऊ शकतं. दोन्ही प्रकारची मुलं मी पाहिली आहेत. फरक हुशारीत नसतो, आपण कुणाला बांधील आहोत हे ठरलंय की नाही यात असतो. कॉलेजात हजेरी, सबमिशन आणि परीक्षक असतात, म्हणून बांधिलकी आपोआप येते. इथे ती मुलीला स्वतः उभी करावी लागेल.

ती म्हणते तसलं काम आपल्याकडे नवं नाही. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या नवज्योत अल्ताफ 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून बस्तरमध्ये, कोंडागाव परिसरात, तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करत आल्या. त्यांच्या कामाचा एक भाग म्हणजे गावातल्या हातपंपांभोवतीची जागा. पाणी साचून चिखल होऊ नये, भरलेला हंडा उचलताना बाईच्या कमरेवर ताण कमी यावा, असे ओटे आणि भिंती बांधल्या, त्यावर तिथल्याच कलावंतांची घडण आणि खुणा. त्याला शिल्प म्हणा की बांधकाम, पाण्याला येणाऱ्या बायकांना ते उपयोगी पडलं. कोंडागावात त्या एखाद-दुसऱ्या पंधरवड्यासाठी गेल्या नव्हत्या, वर्षानुवर्षं जात राहिल्या. तुमच्या मुलीला याबाबतीत तुम्हीच एक सोय करून ठेवली आहे : तिला जायला लांब नाही.

आणि संशोधन करायला विद्यापीठच लागतं असंही नाही. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी मुंबईत ‘पुकार’ ही संस्था उभी केली. संशोधन करणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, ही त्यांची मांडणी. तिथल्या युवा फेलोशिपमध्ये वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलामुलींचे गट आपापला विषय निवडून वर्षभर त्याचा माग काढत. त्यांना ‘बेअरफूट रिसर्चर’ म्हणत.

मात्र ‘मागांचा आवाज’ हा अजून विषय आहे, प्रश्न झालेला नाही. इथेच बहुतेक मुलं अडकतात. चार महिने रेकॉर्डिंग करतात, हार्ड डिस्क भरते आणि हाती काहीच लागत नाही. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये निघाली, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याला प्रश्न विचारलेत. तो डोक्यावर नेतात, कमरेवर की हातात? भरलेला असताना तोल कसा राहतो आणि रिकामा असताना कसा? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर कानाला कसा लागतो? तुमच्या मुलीनं लोट्याच्या जागी धोटा ठेवावा, मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा. धोट्यातली सुताची कांडी संपत आली की आवाज बदलतो का? माग बिघडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, हात लावायच्या आधी कानानं काय ओळखतो? हे त्याला शिकवलं कुणी? रातपाळी करून घरी गेलेला माणूस दिवसा कसा झोपतो? कांड्या भरणाऱ्या मावशी घरी टीव्ही किती मोठा लावतात, आणि त्यावरून भांडण होतं का?

मला विचाराल तर जॉबरचा कान हाच प्रश्न धरावा. ज्या आवाजानं त्याला कसब दिलं, तोच आवाज त्याचं ऐकणं काढून घेतो. वर्षभर पुरेल इतकं त्यात आहे. शिवाय हे तुमच्या घरची मुलगी विचारू शकते तसं बाहेरून आलेल्याला सुचणारही नाही.

पण ‘घरची मुलगी’ ही अडचणही आहे, आणि पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणून जरा स्पष्ट लिहितो. ती मालकाची मुलगी आहे. मालकाच्या मुलीला ‘नको, माझं रेकॉर्डिंग करू नका’ असं कोणता कामगार म्हणेल? तो हसून हो म्हणेल, आणि ते हो खरं नसेल. तेव्हा बोलणी कारखान्याबाहेर, तुम्ही नसताना व्हावीत. सुरुवात शक्यतो दुसऱ्याच्या कारखान्यातल्या कामगारांपासून करावी. काय रेकॉर्ड केलं ते आधी त्यांनाच ऐकवावं, आणि ‘हे काढा’ म्हणाले तर काढावं. मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. अर्धा तास गप्पा म्हणजे अर्ध्या तासाचं कापड गेलं. तेव्हा सुट्टीच्या दिवशी बोलावं, नाहीतर त्या वेळेचे पैसे द्यावेत. चहा पाजला म्हणजे फिटलं, असं नाही.

माझ्याकडे एक मुलगा यायचा. त्यानं हमालांचे सुंदर फोटो काढले, शहरात प्रदर्शन भरवलं, वाहवा मिळवली. वर्षभरानं पुढच्या कामासाठी त्याच अड्ड्यावर गेला तर कुणी त्याच्याशी बोलेना. हमालांना त्या प्रदर्शनाचा पत्ताच नव्हता. ‘हे हमालांना दाखवलंस का?’ असं मीसुद्धा त्याला तेव्हा विचारलं नव्हतं, ही चूक माझीही.

तुमचीही एक तयारी हवी. आवाजाबद्दल विचारता विचारता ती मजुरीपर्यंत, खर्चीच्या दरापर्यंत, सुताच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचणार. तुम्हाला अडचणीचं वाटेल असं काही पुढे आलं तर काय करायचं, ते आत्ताच बसून बोला. काम अर्धं झाल्यावर ‘हे बंद कर’ म्हणालात तर प्रकल्पही जाईल आणि घरातली शांतताही.

कॉलेज नाही म्हणून वेळापत्रक नाही, असं मात्र चालणार नाही. तिनं एक पानभर लिहून द्यावं : प्रश्न काय, कुणाबरोबर, किती महिने, शेवटी काय उभं राहणार आणि ते कुणाकडे राहणार. दोन मार्गदर्शक शोधावेत, एक कलेतला आणि एक पूर्ण बाहेरचा. कामगार संघटनेतलं कुणी किंवा कान-नाक-घसातज्ज्ञ चालतील. रोजची वही ठेवावी, तारखेसकट, त्यात फसलेले दिवसही यावेत. दर तीन महिन्यांनी झालेलं काम लोकांपुढे ठेवावं. गॅलरी नको, कारखान्याच्या दारात पडदा लावून ठेवावं. सहा महिन्यांत प्रश्न एका वाक्यात सांगता आला नाही, तर थांबावं आणि नोकरी शोधावी. हे तिलाही वाचून दाखवा.

पैशाबद्दल. नोकरी नाकारली याचं मला फारसं कौतुक नाही. उपयोजित कला हातात आहे. लेबलं, पॅकिंग, दुकानांच्या पाट्या, यातून तिनं आठवड्याचे दोन-तीन दिवस कमवावेत. या क्षेत्रातली बहुतेक माणसं पुढेही असंच जगतात, थोडं शिकवणं, थोडं डिझाइन, मधे एखादं अनुदान. ठरलेल्या पगाराची आस असेल तर ही वाट तिची नाही. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाविषयक संशोधनाला आणि प्रकल्पांना अनुदान देतं, आणि प्रस्ताव मराठीतही लिहिता येतो. पण आधी हाती काहीतरी काम हवं.

पदवीचं दार बंद होत नाही, उलट हे वर्षच तिचा पोर्टफोलिओ होईल. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी करायची तर जानेवारीत होणारी सीड (CEED) प्रवेश परीक्षा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सोशल डिझाइन, म्हणजे समाजाच्या प्रश्नांवर लोकांबरोबर केलेलं डिझाइन, याच नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तिच्या स्वभावाला तो जास्त जुळेल असं मला वाटतं. परदेशात व्हिएन्नाच्या उपयोजित कला विद्यापीठातही सोशल डिझाइनचा दोन वर्षांचा, इंग्रजीतून शिकवला जाणारा अभ्यासक्रम आहे. तिथे वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र प्रकल्प करतात. यातल्या कुठेही मुलाखतीत ‘मला समाजासाठी काही करायचंय’ हे वाक्य रोज ऐकतात. कांडी संपताना आवाज कसा बदलतो, हे सांगणारं कुणी क्वचितच येत असेल.

आता तुमच्या डाव्या कानाचं. पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, मला मात्र ते सगळ्यात आधी दिसलं. आवाजानं गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं. प्रकल्पाची वाट पाहू नका. या आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, आणि जाताना मुलीला बरोबर न्या. वही तिला घेऊ द्या, पण काय लिहायचं आणि काय नाही, ते तुम्ही सांगा.